पुसला का आकडा?

मी जात्याच भित्री. पाल चुकचुकली तरी माझ्या छातीत धडधडायचं. त्यात ते दिवस निजामाचे, आणि निजामाचेही शेवटचे. बाजारात दोन माणसं थांबून बोलायला लागली की तिसरा लांबनं वळसा घालून जायचा. भित्र्या माणसाला धाराशिवात तेव्हा कशाची वाण नव्हती.

अशा दिवसांत आमच्या मुलींच्या शाळेच्या उस्तानींनी, म्हणजे बाईंनी, मला वर्गात उभं केलं आणि सांगितलं, "अजायबखान्यात उमेदवारीला तुझं नाव दिलंय. सोमवारपासून जायचं." जाशील का, असं काही विचारलं नाही. मी मान हलवली.

उमेदवारी म्हणजे बिनपगारी काम. शिकायचं, राबायचं, पुढंमागं चिकटवून घेतलं तर नशीब. अजायबखाना नवाच होता. जुन्या कचेरीच्या इमारतीत सरकारनं तेरच्या पांढरीतनं, म्हणजे जुन्या गावाच्या टेकाडातनं, निघालेल्या वस्तू आणून मांडल्या होत्या, आणि प्रत्येक खात्यात एकेक विद्यार्थी हाताखाली घेतला होता. हायस्कुलातला एक पोरगा खोदकामावर, एक शिलालेखांचे ठसे घ्यायला, एक नकाशे काढायला. नाण्यांच्या खोलीत जो होता त्याला तर बाहेरनं कडी लावून कोंडायचे आणि जेवायच्या वेळेला बाहेर काढताना खिसे उलटे करायला लावायचे. त्याच्या आईनं देवीला नवस बोलला होता म्हणे, पोराचं खातं बदलू दे म्हणून.

मुलगी कशाला हवी होती? तर अजायबखान्यात आठवड्यातला एक दिवस जनान्याचा ठेवला होता. त्या दिवशी झाडून सगळे पुरुष बाहेर. साहेबापासून पाणक्यापर्यंत कुणी आत थांबायचं नाही. गावातल्या बायका गोषातल्या असोत की बिनगोषातल्या, त्या दिवशी येणार, बघणार, जाणार. त्यांना 'ही काय बाई?' असं विचारल्यावर सांगायला मुलगी पाहिजे. बाकीचे दिवस मी मागच्या ओसरीवर, पडद्याआड. खापरं धुवायची, मणी निवडायचे, आणि प्रत्येक वस्तूवर बारीक कुंचल्यानं आकडा घालायचा.

अप्पांना, म्हणजे माझ्या वडलांना, हे मुळीच पसंत नव्हतं. त्यांचं किराण्याचं दुकान. ते माझ्यापेक्षा भित्रे. "सायबाच्या पुढनं अन् घोड्याच्या मागनं जाऊ नये, पोरी," ते म्हणाले. पण सरकारी शाळेला नाही कोण म्हणणार? अव्वा मात्र खूश. माझी आई लोहाऱ्याकडची, कानडी मिसळून बोलणारी, आणि कुणाच्या बापाला न भिणारी. "जाऊ द्या हो," ती म्हणाली, "चुलीम्होरं बसून काय दिवे लावणाराय? तिथं चार गोष्टी तरी कळतील."

तिथले मुख्य म्हणजे मोहतमिम साहेब, त्यांचं तोंड मी कधी बघितलंच नाही. ते पडद्यापलीकडं उभे राहून बोलायचे आणि मला खालनं त्यांचे बूट तेवढे दिसायचे. काळे, चकचकीत, हैदराबादी. बूट वाजले की मी कुंचला खाली ठेवायची. माणसाचा चेहरा दिसला तर रागाचा अंदाज तरी येतो. बुटांवरनं काय कळणार? सतत वाटायचं, आता ओरडतील. खरं सांगायचं तर ते फार कधी ओरडले नाहीत. पण भित्यापाठी ब्रह्मराक्षस, दुसरं काय!

माझ्या आणि साहेबांच्या मधी जा-ये करायची ती बडी बी. अजायबखान्याची झाडलोट, वस्तू पुसणं आणि जनान्याच्या दिवशी राखण, हे तिचं काम. विधवा बाई, पोटाला एक अपंग लेक. तोंडात सदा पान, आणि मला बघितलं की, "क्या री, आज भी डर रई? डर मत, वो खाते नई, गोश्त भी नई खाते, पेट खराब हय उनका." मी हसायची. दिवसातनं तेवढंच हसायची.

एक दिवस तिनं माझ्यासमोर सूप ठेवलं. तेरच्या वरच्या थरात एक जुनं थडगं निघालं होतं, त्यातली चीज होती. मी सूप पुढं ओढलं. त्यात इष्टलिंग होतं. बोराएवढं, काळंभोर, गुळगुळीत.

आम्ही लिंगायत. आमच्यात जन्मलेल्या लेकराच्या गळ्यात लिंग येतं ते मरेपर्यंत अंगावरनं उतरत नाही. रोज डाव्या तळहातावर घेऊन त्याला पाणी, भस्म, बेल वाहायचा. त्याच्या आधी आपल्या तोंडात पाण्याचा थेंब नाही. आणि माणूस गेलं की बसवून पुरतात आणि त्याचं लिंग त्याच्याच तळहातावर ठेवतात. म्हणजे हे कुणाच्या तरी मेलेल्या हातातनं उचलून आणलेलं होतं. मला त्याच्यावर आकडा घालायचा होता.

"जल्दी कर," बडी बी म्हणाली. पडद्याखाली बूट उभे होते. मी मनात शिव शिव म्हणत आकडा घातला. लढाईपासनं पाण्याला टिकणारं रोगण मिळत नव्हतं, म्हणून गोंदात कालवलेल्या सफेद्यानंच आकडे घालायचे आम्ही. काळ्या लिंगावर तो पांढरा आकडा डोळ्यात खुपेल असा उठून दिसला. घरी आल्यावर मी काही बोलले नाही. नुसती दोनदा आंघोळ केली.

काचेची कपाटं हैदराबादेहून अजून यायची होती. तोवर बारक्या वस्तू मेजावर, लाल कापडावर, उघड्याच मांडलेल्या. लिंगही तिथंच गेलं.

आणि पुढच्या जनान्याच्या दिवशी अव्वा आली!

नवं इरकल नेसून, शेजारणींना घेऊन आली. लेक काय करते ते बघायला. मी तिला लांबूनच बघितलं. दोन बायकांना मी मातीचे दिवे दाखवत होते, तिथनं हलता येईना. अव्वा एकेक वस्तू बघत, "अगं बाई, हे जातं बघा की, आपल्यासारखंच," असं म्हणत पुढं सरकत होती. लाल कापडाच्या मेजापाशी ती थांबली. थोड्या वेळानं मी मान वर केली तर ती निघून गेलेली.

दुसऱ्या दिवशी पडद्यापलीकडं बुटांची एक जोडी नाही, चार जोड्या होत्या.

लिंग नाहीसं झालं होतं. साहेबांचा आवाज नेहमीसारखा हळू होता, पण कापत होता. पुढच्या पंधरवड्यात हैदराबादेहून त्यांचे वरचे साहेब तपासणीला येणार होते. एक चीज गेली म्हणजे त्यांची नोकरी गेली. जनान्याच्या दिवशी आलेल्या बायकांची झडती कोण घेणार? त्यात वकिलाच्या घरच्या, तहसीलदाराच्या घरच्या. त्यांच्या दारात जाऊन चोर म्हणायची कुणाची छाती नव्हती. राहता राहिली बडी बी. "आते जनाना दिन तक चीज मिली तो ठीक," साहेब म्हणाले, "नई तो अमीन साहब के हवाले."

अमीन म्हणजे पोलिसांतला मोठा. त्या काळात अमिनाच्या हवाली झालेलं माणूस कधी आणि कसं परत येईल हे कुणी सांगू शकत नव्हतं. बडी बी भिंतीला टेकून खालीच बसली. तोंडातलं पान तसंच. "मेरी पोरी कू कौन देखेगा?" एवढंच म्हणत राहिली. मला तिच्याकडं बघवेना. कारण काल काय झालं असेल ते मला कळून चुकलं होतं.

घरी पळतच आले. अव्वा देवघरात पूजेला बसली होती. डाव्या तळहातावर एकाला एक चिकटून दोन लिंगं, दोन्हींवर बेलाचं पान. आकडा धुऊन गेलेला.

"अव्वा!" मी ओरडलेच. "हे काय केलंस गं?"

तिनं पूजा संपवली, मगच बोलली. "कधीचं उपाशी हाय कुणाला ठावं. मातीत व्हतं तवर त्येच्या धन्याच्या हातावर व्हतं. आता बाजार मांडल्यागत फडक्यावर ठिवलंय. पाणी न्हाय, बेल न्हाय. माझ्यानं बघवलं न्हाय."

"बडी बीला धरून नेणार आहेत!"

अव्वाचा चेहरा उतरला. तिला हे सुचलंच नव्हतं. तिच्या हिशेबी तिनं चोरी केलीच नव्हती. उपाशी पाहुण्याला घरी आणलं होतं.

एवढ्यात अप्पा आले. ऐकलं आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. दार लावलं, कडी घातली, पुन्हा बघून आले. "सरकारी माल घरात! झडती आली तर? दुकानाला टाळं, घराला टाळं! विहिरीत टाक ते. आत्ताच्या आत्ता टाक." आणि त्यांनी हात पुढं केला. अव्वानं मूठ मिटली. ती मूठ उघडायची हिंमत अप्पांच्यात नव्हती आणि कुणाच्यातच नव्हती.

"विहिरीत टाकायचं तर मला संगट टाका," ती म्हणाली. "आन् परत त्या फडक्यावर ठेवायचं तर त्येला उपाशी कसं ठेवू? आपण रोज खाताव, पिताव."

धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. तो आठवडा आमच्या घरात कुणी मोठ्यानं बोललं नाही. रस्त्यावर घोड्याच्या टापा वाजल्या की अप्पा तराजू खाली ठेवायचे. मी अजायबखान्यात जायची, खापरं धुवायची, आणि बडी बी माझ्या पुढ्यात सुपं आणून ठेवायची. एकदा हळूच म्हणाली, "बेटा, तू तो थी ना उदर. मैं लेई क्या?" मी नाही म्हणून मान हलवली. एक शब्द बोलले असते तर अव्वा अमिनाच्या दारात, न बोलले तर ही. देवा, असली उमेदवारी वैऱ्यालाही नको!

अव्वा दोन्ही लिंगांची पूजा करत होती आणि जेवत मात्र नव्हती. पूजा झाली की ताट पुढं घ्यायची, घास मोडायची, आणि तसाच ठेवायची. "तिची लेक पांगळी हाय न्हवं?" एकदा मला विचारलं. मी व्हय म्हणाले. ती ताट बाजूला सारून उठली.

जनान्याचा दिवस उजाडला. बाहेर फाटकापाशी अमिनाचे शिपाई येऊन बसले होते, संध्याकाळची वाट बघत. आत बायका येत होत्या, जात होत्या. उन्हं कलायला लागली आणि गर्दी ओसरली तेव्हा अव्वा आली. शिपायांच्या समोरनं, डोक्यावरचा पदर न ढळू देता, सरळ. मी खांबाला धरून उभी होते. मला वाटत होतं, आता शिपाई उठतील. आता उठतील. ते विडी ओढत बसले होते.

बडी बी लाल कापडाच्या मेजाखाली पुन्हा पुन्हा हात फिरवून शोधत होती. त्या आठवड्यात कितव्यांदा कोण जाणे. अव्वा तिच्याजवळ गेली, खाली बसली. दोघी मेजाआड. मी वाकून बघितलं. अव्वानं गळ्यातल्या कापडात आपल्या लिंगाबरोबर बांधलेलं ते लिंग सोडलं आणि हातात धरून राहिली.

आमच्यात दुसऱ्याच्या हातावर लिंग ठेवायचं काम गुरूचं. आणि दुसऱ्या जातीच्या हाताचा तर विटाळ. अव्वानं जन्मात शेजारच्या घरचं पाणी घेतलं नव्हतं.

"डावा हात करा," ती बडी बीला म्हणाली.

बडी बीनं केला. अव्वानं लिंग तिच्या तळहातावर ठेवलं. बडी बीचे डोळे एवढे मोठे झाले. मला वाटलं, आता ही ओरडते. ती ओरडली नाही. तिनं मूठ मिटली आणि अव्वाकडं बघत राहिली.

"शिपायास्नी सांगा, मेजाखाली फटीत घावलं," अव्वा म्हणाली. "आन् म्या तुमच्या जिवाला घोर लावला, त्येची मापी करा. पर माझं येक ऐका. रोज वस्तू पुसता न्हवं? तवा याच्यावर दोन थेंब पाणी टाकत जावा. उपाशी ठिवू नगा."

बडी बीला रडू येत होतं आणि हसूही. "अक्का, मेरे हात का चलता क्या उसकू?"

तिच्या मनात काय चाललं होतं ते मला तिच्या हनुवटीवर दिसत होतं. "उपाशी ऱ्हाण्यापरास चालतंय," ती शेवटी म्हणाली. "न चालाय काय झालं?"

शिपाई विड्या विझवून निघून गेले. दुसऱ्या दिवशी पडद्याखाली बूट आले. लिंगावरचा आकडा कुठं गेला असं त्यांनी विचारलं तेव्हा पुन्हा माझी पाचावर धारण बसली. "धूल लगी थी साब, मैंने धो दी," बडी बी बिनदिक्कत म्हणाली. बुटांनी थोडा विचार केला. मग मला पुन्हा आकडा घालायचा हुकूम झाला.

मी घातला. थोड्याच दिवसांत तो पुसट झाला, मग गेला. पुन्हा घातला, पुन्हा गेला. मेजावरच्या सगळ्या वस्तूंचे आकडे ठणठणीत, या एकाचाच टिकेना. कपाटं आली, काचा बसल्या, किल्ली बडी बीकडंच, तरी टिकेना. तपासणीचे वरचे साहेब येऊन गेले. "ये पत्थर सफेदा नहीं पकड़ता," असं आमच्या साहेबांनी त्यांना पटवून दिलं, आणि पडद्याआड बडी बीनं तोंडात पदर कोंबला. मी संध्याकाळी घरी गेले की चुलीपुढनं अव्वा विचारायची, "पुसला का आकडा?" मी म्हणायची, "पुसला." मग ती भाकरी थापायला लागायची. माझी उमेदवारी संपली, तरी आकडा घालायला म्हणून मला बोलावणं यायचंच.

पुढं गडबडीचं वर्ष आलं. गावोगाव हत्यारबंद टोळकी फिरायला लागली. आज ह्या गावात आग, उद्या त्या गावात लूट. आमच्या गल्लीतली घरं एकेक करून रिकामी होत चालली. अप्पांनी दुकान बंद केलं आणि आम्ही हद्दीपलीकडं बार्शीला जायचं ठरवलं. निघायच्या आदल्या दिवशी बडी बीच मला बोलवायला आली. आकडा पुन्हा गेला होता. मी शेवटचा घातला, घाईत, जरा जाडच. बडी बी दारापर्यंत आली. "जाव बेटा. अक्का कू बोल, मैं हय ना. पानी मैं डालूंगी."

बार्शीत आम्ही एका वखारीत राहिलो. अव्वा रोज पूजा झाली की पूर्वेकडं, धाराशिवाकडं तोंड करून हात जोडायची. "ती घालत असंल," म्हणायची. "बोलली म्हंजे घालणार."

मग हिंदी फौज आली आणि निजामाचं राज्य गेलं. आम्हाला वाटलं, सुटलो. सुटलो तर होतोच. पण परत येताना रस्त्यावर जळालेली जी घरं बघितली ती आता मुसलमानांची होती. आधी आम्ही भ्यायचो, आता ते भीत होते. गावात बडी बीच्या गल्लीकडं जायला अप्पांनी मला बंदी केली. "तिकडं बघू नगंस," एवढंच म्हणाले. साहेब आधीच हैदराबादला निघून गेले होते. अजायबखाना नव्या सरकारनं उघडला. पडदा काढून टाकला होता. ओळखीचं माणूस पाहिजे म्हणून मला बोलावलं.

मी आत गेले. खापरं, दिवे, मणी, सगळं जागच्या जागी होतं. काही फुटलं नव्हतं, काही गेलं नव्हतं. मी सरळ त्या कपाटापाशी गेले. काचेवर धूळ होती. पदरानं पुसली.

लिंग होतं. त्याच्यावर माझा आकडा होता. जाड, पांढरा, मी घाईत घातलेला, जसाच्या तसा. शेवटाला कुंचला घसरून जे टोक वाकडं झालं होतं, तेसुद्धा तसंच होतं.

नव्या कारकुनाला विचारलं, इथं एक बाई असायची. तो म्हणाला, "कुणी न्हवतं बाई. आमी आलो तवा कुलूपच व्हतं."

घरी पोचले तेव्हा अव्वा चुलीपुढं होती. पीठ मळून झालं होतं, तवा तापला होता. तिनं वर बघितलं.

"पुसला का आकडा?"

मला खोटं बोलायचं होतं. वाटेवर तसं ठरवूनच आले होते. पण तोंडातनं शब्द फुटेना, आणि अव्वाला तेवढं पुरलं. मला वाटलं, आता लिंगाचं विचारेल. कधीपासनं उपाशी आहे म्हणेल, मला घेऊन चल म्हणेल.

"तिची लेक चालाय यायची न्हाय," अव्वा म्हणाली. "तिला उचलून कुठवर पळली असंल गं ती?"

तिनं तवा उतरवला. मळलेलं पीठ झाकून ठेवलं. अप्पांनी आणि मी शिळं खाल्लं. अव्वानं त्या दिवशी पाणीसुद्धा घेतलं नाही.